कर्नल, चपलांचा बिल्ला आणि पाच अक्षरांची चूक

पॉइंटरपंत | रवि. रात्री १०:४०

परवा आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) तपासत होतो. त्यात मला माझीच बारा वर्षांपूर्वीची चूक जशीच्या तशी दिसली. ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा कोड) वेगळा, माणूस वेगळा, चूक तीच. त्याला समजावण्यात पाऊण तास गेला. घरी येताना चांदणी चौकात अडकलो तेव्हा ठरवलं, आता इथेच लिहून टाकू.

आधी कर्नल म्हणजे काय ते दोन ओळींत. ऑपरेटिंग सिस्टिम हा एक वाडा धरा. ब्राउझर, गाण्यांचं अ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप हे सगळे भाडेकरू. प्रत्येकाला आपल्या खोलीपुरती मेमरी. शेजारच्या खोलीत हात घातला की प्रोसेसरच चापट मारतो आणि ते एकटं अ‍ॅप बंद पडतं. कर्नलकडे मात्र अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या असतात. त्याचा हात चुकीच्या खोलीत गेला तर चापट मारायला वर कोणी नाही. आणि लिनक्स, विंडोज, आयफोन, अँड्रॉइड, सगळ्यांचे कर्नल मुख्यतः सी भाषेत (काही ठिकाणी सी++मध्ये) लिहिलेले आहेत.

आता देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. तुम्ही चपला दिल्या, मावशींनी ४७ नंबरचा पत्र्याचा बिल्ला दिला. दर्शन झालं, चपला घेतल्या, पण गडबडीत बिल्ला खिशातच राहिला. मावशींच्या लेखी कप्पा मोकळा. त्यांनी दुसऱ्याच्या चपला तिथे ठेवल्या. थोड्या वेळाने तुम्ही परत आलात, खिशात बिल्ला लागला, सवयीने पुढे केला. मावशींनी ४७मधलं जे होतं ते दिलं. त्या बिल्ला बघतात, माणूस बघत नाहीत.

बिल्ला म्हणजे पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता), कप्पा म्हणजे मेमरी, मावशी म्हणजे अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारा कोड). या चुकीला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. जुना बिल्ला घेऊन फिरणारा विसरभोळा भक्त इथे खुद्द कर्नल असतो. चोराला बिल्ल्याची गरजच नाही. तो एवढंच बघतो की ४७ मोकळा झाल्याझाल्या आपल्या, आतून खिळे ठोकलेल्या चपला तिथे जाव्यात. कर्नल येतो आणि न बघता पाय घालतो.

माझी गोष्ट २०१३ची. पुण्यातल्या एका स्टोरेज कंपनीत डिस्कच्या ड्रायव्हरवर काम करत होतो. एका ग्राहकाचा सर्व्हर दोन-तीन आठवड्यांतून एकदा कोसळायचा. दर वेळी वेगळ्या जागी: एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा फाइल सिस्टिममध्ये. आमच्या ड्रायव्हरचं नाव एकदाही आलं नाही. त्यामुळे पहिले दोन महिने आम्ही छातीठोकपणे ‘आमचं नाही’ म्हणून कळवत होतो. चपला चुकीच्या गेल्या की बोंब नेहमी त्या चपलांचा खरा मालक मारतो, घेऊन जाणारा नव्हे.

शेवटी डीबगचे पर्याय चालू केलेला कर्नल त्यांना दिला. त्यात मेमरी सोडली की ती ६बी (हेक्समधला आकडा) या बाइटने काठोकाठ भरून ठेवतात. नऊ दिवसांनी सर्व्हर पडला आणि एका रजिस्टरमध्ये होतं ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी. हा आकडा दिसला की कर्नलवाल्याच्या पोटात गोळा येतो: कुणीतरी सोडलेल्या कप्प्यात हात घातलाय. या खेपेला स्टॅकवर (पडताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) आमच्या टायमरचं नाव होतं. टायमर मी लिहिलेला.

डिस्क उपसून काढली की ड्रायव्हर तिच्या नावाची मेमरी सोडून देतो. त्याआधी तिचा टायमर रद्द करायचा. मी केला होता, डेल-टायमर वापरून. हे फंक्शन पुढे वाजणारा टायमर रद्द करतं, पण नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या कोअरवर टायमरचं काम सुरू झालेलं असेल तर ते संपेपर्यंत थांबत नाही. थांबणाऱ्या फंक्शनचं नाव तेच, पुढे अंडरस्कोर आणि सिंक. अंडरस्कोर धरून पाच अक्षरं.

आणि मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही! त्या जागी मी एक लॉक धरून होतो आणि टायमरलाही तेच लॉक लागत होतं. सिंकवालं वापरलं असतं तर दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे राहिले असते. म्हणून विचार करूनच साधं वापरलं. मेमरी प्रत्यक्ष सोडणारा कोड तीन फंक्शनं पलीकडे, दुसऱ्याने लिहिलेला. त्याने धरून चाललं की एव्हाना टायमर मेलेलाच असणार. माझा कोड सुटा वाचा, बरोबर. त्याचा सुटा वाचा, बरोबर.

माझं म्हणणं इतकंच आहे. या मेमरीचा मालक कोण, आणि ती कोणी कधी सोडायची, हे सी भाषेत लिहायला जागाच नाही. ते कमेंटमध्ये ठरतं, ईमेलमध्ये ठरतं, टपरीवर चहा पिताना ठरतं. मग एक जण नोकरी बदलतो. ‘नीट लक्ष देऊन लिहा’ हा सल्ला मी पंधरा वर्षं ऐकतोय, देतोयही. मायक्रोसॉफ्टच्या मॅट मिलर यांनी फेब्रुवारी २०१९मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) मिळणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या असतात, आणि बारा वर्षांत हे प्रमाण जवळपास हललेलं नाही. बारा वर्षं तिथली हुशार माणसं लक्ष देऊनच लिहीत असणार की.

बोला मंडळी.

पाटावरची गौरी | रवि. रात्री ११:२५

शीर्षक वाचून वाटलं फौजेतल्या एखाद्या कर्नलसाहेबांची आठवण दगा देऊ लागली आणि देवळात चपला हरवल्या. वाचल्यावर कळलं की जवळपास तसंच आहे.

चप्पल स्टँड कळला. एक शंका, मावशींनी बिल्ला परत घेतल्याशिवाय चपला देऊच नयेत, हा साधा नियम का नाही?

पॉइंटरपंत | रवि. रात्री ११:५०

गौरीताई, एका वाक्यात रस्ट भाषा सांगितलीत. सीमध्ये बिल्ल्याच्या हव्या तेवढ्या झेरॉक्स काढता येतात आणि किती काढल्या याची नोंद मावशींकडे नसते. एक परत घेतला तरी बाकीच्या कुणाकुणाच्या खिशात आहेत देव जाणे. रस्टमध्ये झेरॉक्सला बंदी नाही, पण मूळ बिल्ला परत गेल्यावर झेरॉक्स कुणाच्याही खिशात उरणार नाही हे कंपायलर (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणारा) आधीच तपासतो. उरत असेल तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

हापिसर | सोम. सकाळी ९:०५

वाखु (वाचनखूण) साठवली. ६बी म्हणजे आस्कीमध्ये (अक्षरांच्या आकडेवारी संकेतांत) ‘के’. म्हणजे डंप अक्षरांत बघितला तर केकेकेकेकेकेकेके. सोमवारी सकाळी हे दिसलं की मी सरळ चहाला जातो.

उरणकर | सोम. सकाळी १०:१५

मी काही कॉम्प्युटरवाला नाही. आमचा ट्रेलरचा धंदा. पण २०१७च्या जून अखेरीस न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल व्हायरसने बंद पडलं होतं ते चांगलंच लक्षात आहे. आमचे दोन ट्रेलर रस्त्यावर उभे. गेटवर सिस्टिम बंद, कुठला कंटेनर कुठे ठेवलाय कुणाला पत्ता नाही, जे काय चाललं होतं ते कागदावर. ड्रायव्हरला रोज फोन करून ‘जेवलास का’ एवढंच विचारायचो, बाकी विचारण्यासारखं काही नव्हतं. तेही या मेमरीच्या भानगडीतलंच का?

पॉइंटरपंत | सोम. दुपारी १:३०

उरणकर, अगदी त्यातलंच, आणि उदाहरण नामी आहे. तो नॉटपेट्या. २७ जून २०१७ला युक्रेनमधून सुटला आणि जगभर पसरला. पसरायला त्याने जी वाट वापरली त्यातली एक म्हणजे इटर्नलब्लू, विंडोजमधल्या एका चुकीचा फायदा घेणारं हत्यार. त्याच्या दीड महिना आधी, १२ मेला, वॉनाक्राय हा दुसरा व्हायरस याच वाटेने ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत शिरला होता. पॅच १४ मार्चलाच आला होता, हे विशेष.

चूक होती विंडोजच्या कर्नलमधल्या फाइल शेअरिंगच्या ड्रायव्हरमध्ये. बाहेरून एक यादी येते, तिची लांबी सोबत लिहिलेली. यादीतला शेवटचा तुकडा खराब असेल तर ड्रायव्हर तो टाकून देतो आणि लांबी कमी करून लिहितो. लांबीचा आकडा चार बाइटचा. दुरुस्ती करणारा कोड मात्र खालचे दोनच बाइट लिहायचा, वरचे दोन तसेच. आता बघा: मूळ लांबी ६५,५३६. कमी होऊन व्हायला हवी ६५,३७३. पण वरच्या बाइटांतला जुना १ पुसलाच नाही, त्यामुळे झाली १,३०,९०९. कमी करायला गेले आणि दुप्पट झाली! जागा घेतली लहान यादीपुरती, भरायला बसले मोठ्या लांबीने. उतू गेलेलं सगळं शेजारच्या मेमरीवर, आणि शेजारी काय असेल हे हल्लेखोराने आधीच जमवून ठेवलेलं.

खतावणी | सोम. दुपारी २:१०

बत्तीस वर्षं वह्या लिहिल्या, म्हणून राहवत नाही. आमच्या भाषेत सांगतो. वहीत १,००,००० होते, ते ९९,८०० करायचे होते. मुनीमजींनी उजवीकडचे पाच आकडे खोडून नवे लिहिले, सर्वांत पुढचा १ तसाच ठेवला. झाले १,९९,८००. ही चूक मी स्वतः १९९४मध्ये पकडलेली आहे. म्हणून तर चेकवर रक्कम अक्षरी लिहायची आणि पुढे ‘फक्त’ लिहायचं. तुमच्या सीमध्ये ‘अक्षरी’चा रकाना नाही का?

पॉइंटरपंत | सोम. दुपारी २:२५

काका, नाही ना! पन्नास वर्षांत तो रकाना आला नाही. अ‍ॅरे किती लांब आहे हे पॉइंटरला माहीत नसतं. टोनी होअर यांनी १९८०च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं होतं की १९६०च्या दशकात त्यांच्या अल्गोल भाषेच्या कंपायलरमध्ये दर वेळी मर्यादा तपासली जायची. वेगासाठी ती तपासणी बंद करायची सोय हवी का असं ग्राहकांना विचारलं, तर सगळ्यांनी नको म्हटलं. ग्राहकांना तेव्हाच कळत होतं.

जुनासीवाला | सोम. सायं. ६:४५

लेख रंजक, निष्कर्ष घाईचा. सी हे हत्यार आहे. विळीवर बोट कापलं म्हणून विळीवर बंदी घालत नाहीत. मी १९९६पासून ड्रायव्हर लिहितोय, हाताची दहाही बोटं शाबूत.

आणि रस्टभक्तांनी डर्टी काऊचं उत्तर द्यावं. २००७च्या २.६.२२ कर्नलपासून २०१६पर्यंत लिनक्समध्ये बसलेली चूक. वाचण्यापुरत्या उघडलेल्या फाइलवर कुणीही साधा वापरकर्ता लिहू शकत होता. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी पॅचसोबत स्वतःच लिहिलं की अकरा वर्षांपूर्वी हे दुरुस्त करायचा प्रयत्न आपण केला होता आणि तो फसला होता. तिथे कुठलाही पॉइंटर मोकाट सुटलेला नव्हता. दोन धाग्यांची (थ्रेड, एकाच वेळी चालणारी कामं) शर्यत होती. तुमचा कंपायलर काय करणार तिथे?

पॉइंटरपंत | सोम. रात्री ९:३०

डर्टी काऊ मान्य. (पान म्हणजे इथे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा.) एक धागा कर्नलला ‘या पानाची माझी प्रत फेकून दे’ सांगतो, दुसरा त्याच क्षणी त्या प्रतीवर लिहितो, आणि चुकून मूळ पानावर लिहिलं जातं. हा तर्कातला घोळ, पानांच्या हिशेबातला. रस्टने तो आपोआप पकडला नसता.

पण मग डर्टी पाइपही बघू, नाव सारखं आहे म्हणून. मला ती गोष्ट फार आवडते, जरा लांबण लावतो. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत मॅक्स केलरमन काम करायचे. एप्रिल २०२१मध्ये ग्राहकाची तक्रार आली: लॉगची फाइल उघडत नाही, सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते ताडण्याची बेरीज) चुकतो. फाइल दुरुस्त करून दिली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच. खराब फाइली जमवून बघितल्या तर प्रत्येकीत फक्त शेवटचे आठ बाइट बिघडलेले, आणि सगळ्यांत तेच आठ बाइट. सुरुवात ५०, ४बी. म्हणजे ‘पीके’, झिप फाइलीतल्या नोंदींची खूण. आणि बहुतांश खराबी महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलीत.

का, तर एक प्रोग्रॅम रोजच्या फाइली एकामागून एक जोडून महिन्याची झिप करून द्यायचा. शेवटच्या दिवसाच्या फाइलीनंतर झिपची अनुक्रमणिका यायची. त्या अनुक्रमणिकेची सुरुवात मूळ फाइलीच्या शेपटावर उमटत होती. पण त्या प्रोग्रॅमला मूळ फाइल फक्त वाचायची परवानगी! म्हणजे घोळ कर्नलमध्येच.

कर्नलच्या पाइपमध्ये (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे डेटा नेणाऱ्या नळीत) छोटे छोटे कप्पे असतात, गोल फिरून पुन्हा वापरले जाणारे. प्रत्येक कप्प्यावर एक झेंडी: ‘इथेच पुढे लिहिलं तर चालेल’. कप्पा नव्याने वापरताना ती झेंडी पुसायची राहून गेली. मागच्याने लावलेली तशीच. मग कर्नलने फाइलचं पान त्या कप्प्यात ठेवलं आणि पुढचं लिखाण जुन्या झेंडीवर विश्वासून त्याच पानात ढकललं. ५.८ आवृत्तीपासूनच्या कर्नलवर कुठलाही साधा वापरकर्ता पासवर्डची फाइल बदलू शकत होता. मार्च २०२२मध्ये जाहीर झालं.

एक रकाना कोरा ठेवला, त्यात जुनी किंमत राहिली. रस्टमध्ये नवा स्ट्रक्ट (रकान्यांचा गठ्ठा) बनवताना एकही रकाना कोरा सोडता येत नाही. तर एक चूक तुमच्या बाजूची, एक माझ्या. आणि विळीचं म्हणाल तर बोट ज्याचं कापतं तो विळी वापरणारा नसतो, हीच तर अडचण आहे. उरणकरांच्या ड्रायव्हरने सीची एक ओळ लिहिली नव्हती.

उरणकर | सोम. रात्री ९:४८

लाख बोललात.

जुनासीवाला | सोम. रात्री १०:२०

कोट्यवधी ओळींचा लिनक्स पुन्हा रस्टमध्ये लिहिणार कोण? तुम्ही?

झुरिककर | मंगळ. रात्री १२:३५

तीच तर गंमत आहे, पुन्हा लिहायची गरजच नाही. (मी अँड्रॉइडवर काम करत नाही, पण रोजचा संबंध रस्टशी.) गूगलने सप्टेंबर २०२४मध्ये अँड्रॉइडचे आकडे दिले: एकूण त्रुटींत मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता, २०२४मध्ये २४ वर आला. जुना कोड बहुतेक तसाच ठेवून. फक्त नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायचा. त्यांचा मुद्दा असा की या त्रुटी मुख्यतः ताज्या कोडमध्ये असतात. जुन्या कोडमधल्या हळूहळू सापडून दुरुस्त होत जातात. लोणचं मुरतं तसं. म्हणून नव्या बरणीची काळजी घ्या.

लिनक्सच्या कर्नलमध्ये रस्ट डिसेंबर २०२२च्या ६.१पासून आहे. भांडणंही भरपूर झाली. रस्टचं काम सांभाळणाऱ्यांपैकी एक प्रमुख जण २०२४मध्ये वैतागून बाहेर पडला. २०२५च्या सुरुवातीला एका ज्येष्ठ मेंटेनरने (कर्नलचा एक भाग सांभाळणाऱ्याने) एकाच कर्नलमध्ये दोन भाषा म्हणजे कॅन्सर असं लिहिलं. शेवटी डिसेंबर २०२५मध्ये टोकियोच्या बैठकीत ठरलं की प्रयोग संपला, रस्ट आता कायमचं.

जुनासीवाला | मंगळ. सकाळी ८:१०

आणि त्याच महिन्यात कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई मिळाला. ते का नाही लिहिलंत?

झुरिककर | मंगळ. दुपारी १:१५

लिहिणारच होतो, इथे जेवायची वेळ झाली होती हो! अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या बाइंडरची रस्टमधली आवृत्ती, कर्नल ६.१८. एका लिंक्ड लिस्टमधून नोंद काढताना दोन धाग्यांची शर्यत, पॉइंटर बिघडतात, मशीन क्रॅश होतं. चूक कुठे होती? ‘अनसेफ’ असं लिहिलेल्या कंसात. रस्टमध्ये कंपायलरला ‘इथे तू डोळे मीट, जबाबदारी माझी’ असं सांगायची ती जागा. तिथे कमेंटमध्ये लिहिलं होतं की ही नोंद दुसऱ्या कुठल्या यादीत असूच शकत नाही. असू शकत होती. त्याच दिवशी सीमधल्या दुरुस्त्यांना दीडशेच्या वर सीव्हीई क्रमांक दिले गेले असं लिनक्सचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीच लिहिलं. अर्थात सीचा कोडही कितीतरी पटींनी जास्त आहे, त्यामुळे या तुलनेवर मी फार नाचणार नाही.

पॉइंटरपंत | मंगळ. दुपारी १:४०

मला त्यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं. चूक शोधायला अख्खा ड्रायव्हर चाळावा लागला नाही, संशयाची जागा ‘अनसेफ’ म्हणून आधीच अधोरेखित होती. आम्हाला २०१३मध्ये दोन महिने लागले ते जागा कळायलाच. दुरुस्ती एका दुपारची.

पाटावरची गौरी | मंगळ. दुपारी ३:००

माझ्यासारख्यांनी काय करायचं ते सांगा. आईकडे २०१८चा फोन आहे. छान चालतो म्हणते.

पॉइंटरपंत | मंगळ. सायं. ५:२०

ताई, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख असते, ती बघा. दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवरून बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय काढून टाका. फोटो, भजनं, व्हिडिओ कॉल चालू दे, वाद नको.

याचं कारण एका जुन्या प्रकरणात आहे. त्याच बाइंडरच्या सीमधल्या आवृत्तीत एक यूज-आफ्टर-फ्री होतं. सिझकॉलर नावाचं यंत्र, जे कर्नलला रात्रंदिवस वेडेवाकडे प्रश्न विचारत बसतं, त्याला ते नोव्हेंबर २०१७मध्ये सापडलं. फेब्रुवारी २०१८मध्ये मूळ कर्नलमध्ये दुरुस्तही झालं. पण सीव्हीई क्रमांक दिला गेला नाही, अँड्रॉइडच्या मासिक पत्रकात नोंद आली नाही, आणि बरेच फोन जुन्याच कर्नलवर राहिले. ऑक्टोबर २०१९मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या मॅडी स्टोन यांनी दाखवून दिलं की प्रत्यक्ष हल्ल्यात ते वापरलं जातंय. धोक्यातल्या फोनांच्या यादीत पिक्सेल २ होता, रेडमी ५ए होता, रेडमी नोट ५ होता. आपल्याकडे घरोघरी होते ते. म्हणजे चूक सापडली, दुरुस्त झाली, आणि तरी वीस महिने लोकांच्या खिशात तशीच. त्याला कुठलीही भाषा काय करणार.

पाटावरची गौरी | मंगळ. रात्री ८:१०

तारीख बघितली. मार्च २०२०. आईशी बोलणं म्हणजे तुमच्या मेंटेनरशी बोलण्यासारखंच आहे, पण बघते.

लिनक्सच वापरा | मंगळ. रात्री ८:३०

विंडोज सोडा, सगळे प्रश्न मिटतील.

हापिसर | मंगळ. रात्री ८:३२

भाऊ, वरचा धागा वाचलास का?

बोर्डिंगपास | मंगळ. रात्री ९:०५

१९ जुलै २०२४ची क्राउडस्ट्राइकवाली भानगड यातच येते का? त्या दिवशी मी मुंबई विमानतळावर पाच तास उभा होतो. बॉलपेनने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला, त्यावर माझं आडनाव चुकीचं, आणि तरी मला विमानात घेतलं. पास अजून जपून ठेवलाय.

पॉइंटरपंत | मंगळ. रात्री ९:४०

येते. ते सुरक्षेचंच सॉफ्टवेअर होतं, कर्नलमध्ये बसणारं. व्याख्येत २१ रकाने, प्रत्यक्ष पुरवले जायचे २०. नव्या नियमांच्या फाइलीने पहिल्यांदाच एकविसावा वाचायला सांगितला. कोडने किती आहेत ते न मोजता एकविसाव्या जागी हात घातला आणि तिथे जे काही पडलं होतं ते पत्ता समजून वाचायला गेला. साधं अ‍ॅप असतं तर एकटं बंद पडलं असतं. कर्नलमध्ये असल्यामुळे सुमारे ८५ लाख मशिनं निळी. हल्लेखोर कुणीच नाही, बरं का.

खतावणी | मंगळ. रात्री १०:००

वीस व्हाउचर, एकवीस नोंदी. ऑडिटला पहिल्या दिवशी पकडलं असतं.

सांगलीचा तिसऱ्या वर्षाचा | बुध. सकाळी ७:३०

सर, हे सगळं शिकायला सुरुवात कुठून करू? आमच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम आहे, पण ती शेड्युलिंगच्या गणितांवरच संपते.

पॉइंटरपंत | बुध. सकाळी ८:१५

सर नको रे, दादा म्हण. व्हर्च्युअल मशीन घे, स्वतःच्या लॅपटॉपच्या कर्नलवर प्रयोग करायचे नाहीत. एक दहा ओळींचं मॉड्यूल लिही: मेमरी घे, त्यात एक आकडा लिही, मेमरी सोड, आणि सोडल्यावर तोच पॉइंटर वाचून छाप. आधी साध्या कर्नलवर चालव. मग कासान (कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू करून कर्नल पुन्हा बांध आणि तेच चालव. कासान दर आठ बाइटमागे एक बाइट हिशेबाला बाजूला ठेवतो, म्हणजे आठवा हिस्सा मेमरी तिथेच गेली, आणि सगळं हळू चालतं. म्हणून तो कारखान्यात वापरायचा, ग्राहकाला द्यायचा नाही. काय दिसतं ते इथे लिही.

जुनासीवाला | बुध. सकाळी ९:००

मुला, चार जीबीहून कमी रॅम देऊ नकोस व्हर्च्युअल मशीनला. आणि कर्नल बांधायला लावून जेवायला जा. माझ्याकडे कासानचं एक चालणारं कॉन्फिग आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवतो.

(पंत, गेल्या वर्षी मीही एक छोटा ड्रायव्हर रस्टमध्ये लिहून बघितला. कंपायलरशी आठवडाभर भांडलो. एकदा तो बरोबर होता. एकदाच.)

सांगलीचा तिसऱ्या वर्षाचा | शुक्र. रात्री ११:५५

दादा, झालं. काकांच्या कॉन्फिगने बांधला, तीन तास लागले.

साध्या कर्नलवर काहीच झालं नाही! १२३४ लिहिलं होतं, मेमरी सोडली, वाचली, १२३४च छापलं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. मग कासानवर चालवलं तर स्क्रीनभर मजकूर: यूज-आफ्टर-फ्री, कुठल्या ओळीने वाचलं, खाली ही मेमरी कुठल्या ओळीने घेतली होती आणि कुठल्या ओळीने सोडली. तळाशी एफबी एफबी एफबी अशी रांग आणि एका बाइटभोवती कंस.

पण मग साध्यावर १२३४ कसं आलं?

पॉइंटरपंत | शनि. सकाळी ६:४०

मावशींनी कप्पा मोकळा धरला, पण अजून दुसरं कुणी आलं नव्हतं. तुझ्याच चपला तिथे पडून होत्या. आता मेमरी सोडल्यानंतर लगेच तेवढ्याच मापाची दुसरी घे, दुसऱ्या पॉइंटरमध्ये. तिच्यात ९९९९ लिही. मग जुना पॉइंटर वाच. साध्या कर्नलवरच. पहिल्या फटक्यात नाही जमलं तर दोन-चारदा चालव.

सांगलीचा तिसऱ्या वर्षाचा | शनि. सकाळी ७:२५

९९९९.